पाचवं लिंबू

१

सकाळी उठलं की मच्छिंद्र तोंडावर पाणी मारायच्या आधी जीप पुसायचा. बैलांची वैरण त्यानंतर, चहा त्याच्याही नंतर. जुन्या धोतराचा एक मऊ तुकडा त्यानं खास त्या कामासाठी राखून ठेवला होता आणि त्याला घरात दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. ओट्यावर मशेरी लावत बसलेली त्याची आई, साळूबाई, तोंडातलं बोट काढून म्हणायची, "सोन्याची हाये का रे ती? बायकोकडं कधी इतकं बघितलं न्हाई तू."

"बायकोला आणायलाच घेतली ना, माय," असं म्हणून मच्छिंद्र बॉनेटवरून आणखी एक हात फिरवायचा.

आणि ते खोटं नव्हतं. मंठ्याहून निघालं, डांबरी रस्ता सोडून काळ्या रानातल्या गाडीवाटेला लागलं आणि मधला ओढा ओलांडला, की त्यांची वस्ती यायची. पावसाळ्यात त्या वाटेवर बैलगाडीसुद्धा रुतून बसायची. लष्करातून निकालात निघालेली ही जीप लिलावात मिळाली, तेव्हा मच्छिंद्रनं ती पहिल्यांदा घातली ती थेट ओढ्यातच. चारी चाकांनी जोर लावून ती पलीकडं चढली, तेव्हा तो एकटाच स्टिअरिंगवर थापा मारत मोठ्यानं ओरडला होता. अठ्ठ्याऐंशी सालची ही गोष्ट. पाऊस चांगला झाला होता, कापूस छातीला लागत होता आणि मच्छिंद्रचे पाय जमिनीवर नव्हते.

त्याची बायको नंदाबाई कुंभार पिंपळगावला माहेरी बाळंत झाली होती. लग्नाला किती वर्षं झाली हे मोजायचं त्या घरानं कधीच सोडून दिलं होतं. दवाखाने झाले, नवस झाले, भाऊबंदांचे टोमणे ऐकून झाले, आणि मग आषाढात मुलगा झाला. बारशाला मच्छिंद्रच्या वारलेल्या वडिलांचं नाव ठेवलं, धर्मराज. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं, म्हणून साळूबाई नातवाला 'मालक' म्हणायची, आणि म्हणताना चक्क लाजायची. दिवाळी झाली की मालक घरी यायचे होते, आणि ते जीपमधूनच येणार होते.

अडचण एकच होती, जीपची स्टेपनी. आधीच्या कुणीतरी ते जादाचं चाक मागच्या भागात आडवं टाकून बोल्टांनी आवळून ठेवलं होतं. ते एवढी जागा अडवायचं, की मागं बसणाऱ्याला गुडघे पोटाशी घ्यावे लागत. तिथं बाळंतीण आडवी कशी होणार आणि लेकरू झोपणार कुठं? मच्छिंद्रनं एका सकाळी फडकं खांद्यावर टाकलं आणि जीप सरळ मंठ्याला कडूबाच्या दुकानाकडं वळवली.

२

कडूबा त्याचा शाळेतला दोस्त. जालना रस्त्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. नांगराच्या फाळापासून पिठाच्या गिरणीपर्यंत काहीही आणा, कडूबा आधी 'हे कुणी बिघडवलं' म्हणून शिव्या द्यायचा आणि मग कामाला लागायचा.

"मागं टांग ती स्टेपनी," मच्छिंद्र म्हणाला.

"टांगली तर मागून चढायचं कसं? वहिनी काय टपावरून आत उतरणार हायेत?"

दोघांनी जीपला तीन फेऱ्या मारल्या. मग कडूबानं खडू घेऊन दुकानाच्या फरशीवरच चित्र काढलं. लोखंडी पाइपाची चौकट. एका बाजूनं ती जीपच्या अंगाला बिजागऱ्यांवर लटकेल, दुसऱ्या बाजूला खिटी. स्टेपनी त्या चौकटीवर. माणसाला चढायचं असलं की खिटी उचलायची आणि स्टेपनीसकट सगळी चौकट बाजूला फिरवायची.

"फाटक!" मच्छिंद्र ओरडला. "शेताला असतंय तसं फाटक!"

"मंग! आपल्या जिल्ह्यात कुणाच्या गाडीला न्हाई असं बनवतो. बिलकुल नवी चीज."

तीन दिवस मच्छिंद्रनं दुकान सोडलं नाही. बिजागऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या फाळक्याच्या घेतल्या, कारण एवढं वजन हलक्या बिजागरीला पेलवलं नसतं. वेल्डिंगच्या निळ्या झगझगाटाकडं बघू नको म्हणून कडूबा कितीही ओरडला, तरी तो बोटांच्या फटीतून बघायचाच, आणि रात्री डोळ्यांवर काकडी ठेवून पडायचा. "झालं का?" असं त्यानं इतक्यांदा विचारलं, की शेवटी कडूबानं काच डोक्यावर ढकलून सांगितलं, "सकाळपासून बिनाभाकरीचा करून राह्यलो, अन् तुझं झालं का, झालं का! बाळंतपणाला बी इतकी घाई न्हाई केली तू."

चौकटीला हिरवा रंग लागला. स्टेपनीवर मच्छिंद्रनं कोरा टायर चढवला होता. कोऱ्या टायरला रबराचे बारीक केस असतात, ते अजून जसेच्या तसे होते. मच्छिंद्र त्यांवरून पुन्हा पुन्हा तळवा फिरवत होता. कडूबानं चौकट लोटली, खिटी आपल्या वजनानंच खाली पडली आणि खट् असा भरदार आवाज आला. दोघं एकमेकांकडं बघून लहान पोरांसारखे हसले.

"पुन्हा उघड," मच्छिंद्र म्हणाला. त्यानंतर किती वेळा ती उघडली आणि लावली, कुणी मोजलं नाही.

३

दोनच दिवसांनी खंडेनवमी आली. विळे, कुऱ्हाडी, मोट गेली तरी राहिलेली तिची चाकं, सगळं धुऊन ओट्यावर मांडलं. पण आसपासच्या वस्त्यांवरची माणसं जमली होती ती जीप बघायला. झेंडूचे हार घातलेली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेली जीप अंगणात उभी होती. पूजा झाली, नारळ फुटला. आता चारी चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी पुढं काढून ती चिरडायची, म्हणजे कुणाची नजर लागत नाही. हे सगळीकडं करतात.

मच्छिंद्रनं चार लिंबं ठेवली. मग मागं जाऊन स्टेपनीसमोर उभा राहिला. कोरा टायर, त्यावर हळदीकुंकवाची बोटं, मधोमध झेंडूचं फूल. त्याला भरून आलं. हे चाक बाहेर आल्यामुळं आत जागा झाली होती, तिथं आता त्याचं लेकरू झोपणार होतं.

"माय, आणखी एक लिंबू दे."

"आता कुणाला?"

"याला. ते बी चाकच हाये ना? चारींना मान, अन् यानं काय घोडं मारलं?"

"अरे, ते कुठं टेकतंय जमिनीला? जे चालतच न्हाई त्याला कशाचं लिंबू?" साळूबाई म्हणाली, पण तिनं ते दिलं. सणाचा दिवस, पोरगा खुशीत, कोण कशाला अडवेल?

मच्छिंद्रनं टांगलेल्या स्टेपनीच्या बरोबर खाली, जमिनीवर पाचवं लिंबू ठेवलं. टायरला हात लावून तो हात छातीला लावला आणि माणसं हसावीत म्हणून मोठ्यानं म्हणाला, "चल बाबा, तू बी चल आमच्यासंगं." माणसं हसली. त्यानं जीप सुरू करून हातभर पुढं काढली, लिंबं फुटली, टाळ्या पडल्या.

उतरून तो मागं आला तेव्हा चारी लिंबं सपाट झाली होती. पाचवंही झालं होतं.

तो खाली वाकला. स्टेपनी जीपच्या अगदी शेवटाला, कमरेएवढ्या उंचीवर. जीप गेली पुढं. मधल्या त्या जागेवरून एकही चाक जाणं शक्य नव्हतं. "कुणी पाय दिला रे?" त्यानं विचारलं. कुणीच दिला नव्हता. एवढ्या गर्दीत एखाद्याचा पडलाही असेल, माणसाच्या काय ध्यानात राहतं? त्यानं साल उचलली. सालीवर तिरप्या खाचांची नक्षी उठली होती, कोऱ्या टायरला असते तशी. त्यानं ती उकिरड्याकडं भिरकावली आणि पेढे वाटायला धावला.

४

दसरा झाला आणि घर दिवाळीच्या आणि त्याहून जास्त मालकांच्या तयारीला लागलं. साळूबाईनं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली. मच्छिंद्रनं जीपच्या मागच्या भागात कापसाची गादी अंथरली, वरच्या ताडपत्रीच्या दांडीला झोळी बांधली आणि झोळीत पसाभर शेंगा टाकून ती हलवून बघितली. मग दोन पायल्या ज्वारी टाकून बघितली. दोर पक्का होता.

एका सकाळी जीप पुसताना त्याचा हात स्टेपनीवर थांबला. टायरच्या खाचांमध्ये काळी माती भरली होती. ओली.

मागच्या चाकांनी उडवली असेल, त्याला वाटलं. फडक्याच्या टोकानं त्यानं ती कोरून काढली. काढता काढता आठवलं, की काल जीप बाहेर काढलीच नव्हती. मग परवाची. पण परवाची माती उन्हात वाळली नसती का? अंगण मुरमाचं, पाऊस उघडून कितीतरी दिवस झालेले. ओली माती जवळपास एकाच ठिकाणी मिळण्यासारखी होती, ओढ्याच्या काठाला.

"माय, तू गाडीवर पाणी टाकलं का?"

"मी कामून टाकू?"

मग दव पडलं असेल. दवानं वाळलेली माती ओली होते, हे काय सांगायला हवं? मच्छिंद्र खूश झाला, कारण हे पटण्यासारखं होतं. त्यानं स्टेपनी चकचकीत पुसली. दुसऱ्या सकाळी खाचा पुन्हा भरलेल्या होत्या, आणि एका खाचेत ओढ्यातल्या लव्हाळ्याची हिरवी काडी अडकली होती. त्या दिवशी त्यानं ती नुसती काढून टाकली. आईला काही विचारलं नाही.

५

दुपारची जेवणं झाली, की मच्छिंद्र मधल्या खोलीत जमिनीवर अंग टाकायचा. खोली थंड असायची. एका कोपऱ्यात ज्वारीची पोती, दुसऱ्यात नवा पाळणा. भिंतीपलीकडं पत्र्याचा सपरा, त्यात जीप. उन्हानं पत्रा तडतडायचा आणि त्या आवाजावर त्याला डोळा लागायचा.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली दुपार. पत्रा तडतडत होता. मध्येच खट् झालं.

तो आवाज त्याच्या इतका ओळखीचा झाला होता, की झोपेतच त्याला बरं वाटलं. मग ध्यानात आलं, की खिटी उचलायला माणूस लागतो आणि साळूबाई तर देवळाच्या सप्त्याला गेली आहे. बिजागरी किंचित कुरकुरली. त्यानंतर मुरमावरून काहीतरी गडगडत गेलं. घाईचा आवाज नव्हता तो. अंगण ओलांडून, बाभळीपाशी जरासं थांबून, गाडीवाटेच्या बाजूला बारीक होत गेलेला.

मच्छिंद्र पडून राहिला. कुणीतरी पिंप ढकलत नेत असेल. वस्तीवर पिंप नव्हतं. मग शेजारच्या वस्तीवरची बैलगाडी असेल, पण गाडीला दोन चाकं असतात, आणि दोन चाकांचा आवाज दोन चाकांचाच येतो. त्यानं कुशीवर वळायचं ठरवलं आणि वळला नाही. पाळण्याचं खेळणं वाऱ्यानं हळूहळू फिरत होतं, त्याकडं बघत राहिला. बऱ्याच वेळानं तोच आवाज जवळ येत गेला, सपऱ्यात शिरला, बिजागरी कुरकुरली. खट्.

आता मात्र तो उठला. धाडस म्हणा किंवा वेडेपण म्हणा, तो धावतच सपऱ्यात गेला. जीप होती तशी होती, खिटी बसलेली. स्टेपनी चौकटीवर घट्ट, तिचे नट हातानं हलत नव्हते. त्याला हसू आलं. झोपेत माणूस काय काय ऐकतो!

ड्रायव्हर लोकांना एक सवय असते. गाडी लांबून आली की उतरल्यावर ते टायरला तळवा लावून बघतात, किती तापलाय म्हणून. मच्छिंद्रनं कसलाही विचार न करता सवयीनं हात पुढं केला.

सावलीत टांगलेला, जमिनीला कधी न टेकलेला टायर गरम होता. आणि ज्या रबरी केसांवरून तो एवढ्या कौतुकानं हात फिरवायचा, ते बाजूंना तसेच होते, पण मधल्या पट्ट्यावर एकही उरला नव्हता.

तो बाहेर आला. अंगणात मुरमावर काही उमटत नाही. पण बाभळीपलीकडं जिथं काळी माती सुरू होते, तिथं जीपच्या दोन जुन्या चाकोऱ्या होत्या आणि त्यांच्या बरोबर मधून तिसरी, एकटीच, गेली होती.

६

"चाललेली हाये," कडूबा म्हणाला. दुकानासमोर आणलेल्या जीपच्या टांगत्या टायरवरून त्याचं बोट फिरत होतं. "चांगली चाललेली हाये ही. तू हिला पुढं लावली आसल, अन् इसरला आसशील."

"न्हाई लावली."

"मंग मायला विचार."

"माय जीप चालवती का, कडूबा?"

कडूबा हसला, पण पूर्ण हसला नाही. मच्छिंद्रनं त्याला सगळं सांगितलं. आपल्याच तोंडून ते ऐकताना त्याला लाज वाटत होती. कडूबानं एकदा चौकट उघडली, एकदा लावली, बिजागरीला तेल दिलं. मग म्हणाला, "एक काम कर. उतरव हिला. घरी ठेव, वहिनींना घेऊन ये, मंग बघू. लेकरू घरी पोचलं की तुझं डोकं बी जागेवर येतंय."

"बिगर स्टेपनीचं जाऊ? एवढ्या लांब? लेकरू घेऊन?"

"चारी टायर बघून देतो की मी. पंक्चरचं सामान संगं ने."

खरंतर कोणताही शहाणा माणूस असं निघाला नसता. पण स्टेपनी उतरवल्याबरोबर मच्छिंद्रच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यानं ती कडब्याच्या खोलीत नेली, बैलाच्या साखळीनं मेढीला बांधली आणि बाहेरून कडी घातली. चौकट तेवढी जीपवर तशीच राहिली, रिकामी. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या पहाटे तो निघाला तेव्हा साळूबाईनं दहीसाखर हातावर ठेवली. "मालकांना सावकाश आण रं," ती म्हणाली. "खड्डा आला का थांब."

गाडीवाटेच्या मातीत त्यानं मुद्दाम उतरून मागं बघितलं. दोनच चाकोऱ्या. त्यानं एक गाणं मोठमोठ्यानं म्हणायला सुरुवात केली, ते परतूर येईपर्यंत थांबलं नाही.

७

कुंभार पिंपळगावला सासू गोजरबाईनं जीपवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. जावयाला पुरणपोळी, आग्रह, पुन्हा आग्रह. मच्छिंद्रचं लक्ष पानात नव्हतं. आत कुठंतरी लेकरू कुरकुरत होतं आणि प्रत्येक वेळी त्याचा हात घासासकट थांबत होता.

शेवटी नंदाबाईनं ते त्याच्या मांडीवर दिलं. डोक्याला टोपडं, डोळ्यांत काजळ, गालावर तीट. त्यानं मच्छिंद्रचं बोट मुठीत पकडलं आणि सोडेचना.

"बघितलं का, किती जोर हाये!" मच्छिंद्र आल्या-गेल्याला सांगत सुटला.

"मान धरा मान," नंदाबाई म्हणाली. "सगळ्यांना हेच सांगावं लागतंय मला. मान सांभाळून घ्या."

निघताना त्यानं चौकट फिरवून दाखवली. नंदाबाई आत गेली, गादीवर हात दाबून बघितला, झोळी बघितली आणि नवऱ्याकडं असं बघितलं, की इतक्या वर्षांचं सगळं फिटलं. "एवढं कशाला केलं?" ती म्हणाली. त्यानं ताडपत्रीचा पडदा सोडला, चौकट लोटली आणि घाईनं पुढं जाऊन बसला.

वाटभर तो बैलगाडीच्या चालीनं जीप चालवत होता. मागून कधी अंगाई ऐकू यायची, कधी 'झोपला बरं का' असं नंदाबाई सांगायची. ऊन उतरायला लागलं तेव्हा मंठा मागं पडलं. डांबरी रस्ता सुटला. दोन्ही बाजूंना पांढरा झालेला कापूस, पुढं ओढा, ओढ्यापलीकडं वस्तीवरचा कडुलिंब दिसायला लागला. मच्छिंद्र जीप नुसती हाकत नव्हता, मिरवत होता.

ओढा पंधरा-वीस पावलांवर आला आणि पुढचं डावं चाक फुस्स करून बसलं.

८

"काही न्हाई, नंदा, घाबरू नको," तो खाली उतरत ओरडला. "बाभळीचा काटा असल. आता जॅक लावतो, तू बाळाला घेऊन उतरून घे."

घर समोर दिसत होतं, त्यामुळं त्याला रागसुद्धा आला नाही. चाकात काटा कुठं शिरलाय ते बघायला तो वाकला, आणि वाकल्यावर त्याची नजर वाटेच्या मातीवर गेली. पहाटे जाताना उमटलेल्या त्याच्या दोन चाकोऱ्या तिथं होत्या, कडा वाळून पांढऱ्या पडलेल्या. त्यांच्या मधोमध तिसरी होती.

पहाटे तर त्यानं बघितलं होतं. दोनच होत्या. स्टेपनी कडब्याच्या खोलीत, साखळीनं बांधलेली.

तो चार पावलं पुढं गेला, मग ओढ्याच्या काठापर्यंत गेला. पलीकडच्या उतारावरून ती चाकोरी पाण्यात उतरली होती. अलीकडं निघाली होती तिथून कोरड्या मातीवर ओलं उमटत आलं होतं. घराकडून निघून ती इकडं आली होती, आणि ते ओलं अजून वाळलं नव्हतं. मच्छिंद्र त्या ओल्या रेघेमागं नजर नेत वळला. रेघ वाटेनं जीपच्या दिशेला गेली होती. तोंडाशी पोचायच्या आधी ती बाजूला गवतात शिरली आणि जीपच्या अंगाअंगानं मागं गेली.

मागून बिजागरी कुरकुरल्याचा आवाज आला.

"हं, धरा," नंदाबाई पडद्याआडून कुणालातरी सांगत होती. "मान सांभाळा."

त्याला ते कळायला वेळ लागला. पाय जागचे हलेपर्यंत ती जीपला वळसा घालून समोर आली होती. पदर सारखा करत, अंग आंबलेलं मोकळं करत, हसतमुख. दोन्ही हात रिकामे.

"बाळ कुठं हाये?" मच्छिंद्रनं विचारलं.

"कुठं म्हणजे? तुमच्याजवळच दिलं की आत्ता."

"नंदा, मी इथं हाये. मी इथंच आल्तो, ओढ्यावर."

"पुरे चेष्टा. फाटक उघडून हात पुढं केले ना तुम्ही पडद्यातून. हात कसले काळे करून घेतल्ते! म्हणलं टायरला लावले असतील, बाळाला डाग पडतील, म्हणून दुपट्यात गुंडाळून दिलं." तिनं हात पुढं केले. "कुठं ठेवलं? द्या इकडं, पाजायचं हाये त्याला."

मच्छिंद्रनं आपले हात बघितले. जॅक अजून त्यानं काढलाही नव्हता. हात स्वच्छ होते.

तो जीपच्या मागं धावला. चौकट पूर्ण उघडी होती, ताडपत्रीचा पडदा हलत होता. गवतातून आलेली ओली रेघ तिथं संपली होती आणि तिथूनच दुसरी सुरू झाली होती. ही वाटेला लागली नव्हती. कापसात शिरून ती सरळ गेली होती आणि आलेल्या रेघेपेक्षा जराशी जास्त रुतली होती. दोन्ही बाजूंची पऱ्हाटी वाकली होती आणि त्याच्या डोळ्यांदेखत हळूहळू सरळ होत होती.

"काय झालं हो?" नंदाबाई विचारत होती. "अहो, काय झालं?"

मच्छिंद्र कापसात घुसला. बोंडांच्या काटक्या हातांना ओरबाडत होत्या, भुसभुशीत मातीत पाय रुतत होते, तरी तो आईला, देवाला, कडूबाला हाका मारत धावत होता. पुढून लेकराचं रडणं ऐकू आलं आणि एक क्षण त्याला इतका आनंद झाला, की डोळ्यांतून पाणी आलं. त्याचं लेकरू जिवंत होतं, जवळच होतं.

मग त्यानं नीट ऐकलं. रडणं एकदा वर येत होतं, मोकळं, स्पष्ट. लगेच खाली कुठंतरी दबल्यासारखं होत होतं. पुन्हा वर, पुन्हा खाली, एका ठेक्यात, न चुकता. ठेका हळूहळू वाढत होता आणि आवाज ओढ्याच्या बाजूनं लांब जात होता.